वृद्धाश्रमात जगण्याचा दर्जा मोजायचा कशानं?

कोल्हापुरात वृद्धाश्रम चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलं: त्यासाठी ईक्यू-५डी-५एल हे प्रश्नपत्रक घेऊ की जागतिक आरोग्य संघटनेचं डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ?

वेळेत पहिलं सरस. हालचाल, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, चिंता-उदासी असे पाचच प्रश्न. शेवटी ० ते १०० च्या पट्टीवर तब्येतीची खूण. चहा येईपर्यंत उरकतं. दुसऱ्यात २६ प्रश्न, थकलेल्या माणसाला एका बैठकीत जड जातात.

खरा फरक मिळणाऱ्या माहितीत आहे. पहिलं फक्त 'आज'चं आणि तब्येतीपुरतं विचारतं. आजोबांचे गुडघे दुखतात हे कळेल. खोली नकोशी झालीय, कुणाचा आधार वाटत नाही, हे निसटेल. दुसरं गेल्या दोन आठवड्यांचं शरीर, मन, नाती आणि परिसर तपासतं. मात्र त्यात लैंगिक जीवनाचाही प्रश्न आहे. आपल्याकडच्या आजी त्यावर पदर तोंडाला लावणार! नात्यांच्या विभागात तीनच प्रश्न असल्यामुळे तो सुटला की त्या विभागाचा आकडा डळमळतो.

स्मृतिभ्रंश असेल तर पहिल्याची, सांभाळणाऱ्यानं भरायची आवृत्ती आहे. पण चालणं बाहेरून दिसतं, उदासी दिसत नाही. तो आकडा जपून वाचा.

दोन्ही प्रश्नपत्रकं वापरण्याची परवानगी ती बनवणाऱ्या संस्थांकडून आधी काढा.

सगळ्यांची दर तिमाहीला नोंद हवी, किंवा अंथरुणाला खिळलेले बरेच असतील, तर ईक्यू घ्या. आश्रमात नेमकं काय बदलायचं हे शोधायचं असेल, तर बोलू शकणाऱ्यांसाठी ब्रेफ, वर्षातून एकदा.