‘झीरो क्लॅश’ केबल ट्रे मॉडेलच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

इलेक्ट्रिकल मॉडेलिंग, त्यातही केबल ट्रेचं (छताखालून वायरी वाहून नेणाऱ्या तबकांचं) काम, बाहेर द्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. आम्हाला ज्या फर्मने फसवलं तिचं नाव इथे देत नाही. पण पद्धत सविस्तर सांगतो, कारण ही पद्धत एकाच फर्मची नाही, असं आता इतरांशी बोलल्यावर कळतंय.

डक्ट (हवेचे मार्ग) आणि पाइपचं मॉडेल रेव्हिट या इमारतीच्या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्याच टीमने केलं होतं. ट्रेसाठी हात कमी पडत होते म्हणून ते काम बाहेर दिलं. समोरच्यांचा दावा ‘झीरो क्लॅश’चा, म्हणजे ट्रे कुठल्याच डक्ट, पाइप किंवा बीममध्ये घुसणार नाही असा. दाखवलेला नमुना तर फारच देखणा होता. लॅडर ट्रेची एकेक पायरी दिसतेय, कोपऱ्यात सुबक वळणं, कॅमेरा कॉरिडॉरमधून फिरतोय. कराराप्रमाणे आगाऊ रक्कम, मग प्रत्येक मजल्याच्या मंजुरीवर हप्ता, आणि रेव्हिटची मूळ फाइल शेवटचा हप्ता मिळाल्यावर. तोवर फक्त एनडब्ल्यूडी (नेव्हिसवर्क्स या मॉडेल तपासायच्या सॉफ्टवेअरची फक्त बघायची फाइल) आणि पीडीएफ. ‘आमच्या फॅमिलीज ही आमची मेहनत आहे, त्या आधी कशा देणार?’ हे त्यांचं म्हणणं (फॅमिली म्हणजे रेव्हिट मॉडेलमध्ये वापरायचा तयार घटक). या धंद्यात असं बोलणारे प्रामाणिक लोकही असतात, त्यामुळे त्यात वावगं काही वाटत नाही.

एनडब्ल्यूडी उघडल्यावर एखाद्या वस्तूवर क्लिक केलं तर प्रॉपर्टीज रिकाम्या यायच्या. नेव्हिसवर्क्समध्ये पब्लिश करताना वस्तूंची माहिती बाहेर जाऊ न देण्याचा एक पर्याय असतो, तो त्यांनी टिकमार्क केलेला. कारण पुन्हा तेच, मेहनत वगैरे. म्हणजे मंजुरी देणाऱ्याच्या हाती उरतो फक्त आकार, आणि आकार चोख होता.

शेवटचा हप्ता गेला, फाइल आली, आणि लगेचच एका मजल्यावर डक्टचा साइज वाढला. ट्रे १५० मिमी खाली घ्यायचा होता. आमच्या सहकारी मॅडमनी सरळ तुकडा सिलेक्ट करून एलिव्हेशन बदललं. तुकडा खाली आला, बेंड मात्र वरच लटकून राहिला. त्यांनी बेंडवर क्लिक केलं तर कॅटेगरी निघाली ‘जेनेरिक मॉडेल्स’. पुढचा बेंड, तोही तसाच. टी, रिड्यूसर, क्रॉस, सगळे तसेच. कुठल्या तरी कॅड फाइलमधून उचललेले ठोकळे ट्रेच्या तोंडाशी नेऊन नुसते टेकवले होते. वरून कीर्तन, आतून तमाशा.

ज्यांनी हे सॉफ्टवेअर वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेव्हिटमध्ये केबल ट्रे ही सिस्टम फॅमिली, म्हणजे प्रोग्राममध्येच असलेला घटक आहे; रेव्हिट एमईपी २०११ या आवृत्तीपासून ती मिळते. सरळ ट्रे प्रोग्राम स्वतः काढतो, पण आडवा बेंड, आतला-बाहेरचा उभा बेंड, टी, क्रॉस, ट्रान्झिशन, युनियन या फिटिंग्ज वेगळ्या लोड करून ट्रेच्या टाइपमध्ये नेमून द्याव्या लागतात. त्या फॅमिलीत कनेक्टर (जोडाचे बिंदू) हवेत, रेडियस उत्पादकाच्या कॅटलॉगशी जुळायला हवा. हे जमवणं हेच खरं काम. एकदा जमलं की ट्रे वळवला तर बेंड आपोआप येतो, आणि एक तुकडा हलवला तर जोडलेलं बाकीचंही त्याच्याबरोबर सरकतं. आमच्या फाइलमध्ये टाइप उघडला तर फिटिंगच्या प्रत्येक रकान्यात ‘नन’.

आता महत्त्वाचं. डक्ट किंवा पाइपमध्ये अशी लबाडी फार काळ टिकत नाही. त्यांना सिस्टम असते, प्रवाह असतो; कुठे जोड तुटला की हवेचा किंवा पाण्याचा हिशेब कोलमडतो आणि प्रोग्रामच बोंब मारतो. अॅनालाइझ टॅबवर डक्ट सिस्टम तपासायचं बटण आहे, पाइपचं आहे, सर्किटचं आहे. केबल ट्रेचं नाही. ट्रेमधून काही वाहत नाही, त्याला सिस्टमच नाही. असतो फक्त ‘सर्व्हिस टाइप’ नावाचा एक रकाना, ज्यात काहीही टाइप करा. त्यामुळे अर्धवट काम खपवायला याइतकी सोयीची जागा दुसरी नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

क्वांटिटीचं काय झालं असेल ते ओळखलंच असेल. सरळ ट्रेची लांबी शेड्यूलमध्ये (मॉडेलमधून आपोआप निघणाऱ्या तक्त्यात) येत होती. फिटिंग्जचं शेड्यूल काढलं तर एकही ओळ नाही. आधी पीडीएफमध्ये आलेला फिटिंग्जचा तक्ता स्प्रेडशीटमध्ये हाताने भरलेला होता. तो ड्रॉइंगशी ताडून पाहिला तर आकडे जुळेनात.

आणि ते ‘झीरो क्लॅश’? शेवटच्या फोल्डरमध्ये त्यांची एनडब्ल्यूएफ, म्हणजे नेव्हिसवर्क्सची कामाची फाइलही आली, बहुधा चुकून. त्यात क्लॅश टेस्ट जशाच्या तशा होत्या. हार्ड क्लॅशचा टॉलरन्स ठेवला होता १५० मिमी, म्हणजे त्याहून कमी घुसलेलं काही मोजायचंच नाही. आमच्या ट्रेची खोली होती १०० मिमी! शिवाय सिलेक्शन सेट (टेस्टमध्ये घ्यायच्या वस्तूंचा गट) कॅटेगरीवर बांधलेला, फक्त ‘केबल ट्रेज’. बेंड जेनेरिक मॉडेल असल्याने ते टेस्टमध्ये आलेच नाहीत, आणि बीमखालून डक्ट चुकवताना ट्रे अडकतो तो नेमका बेंडपाशी. इतकं करूनही जे क्लॅश उरले त्यांचं स्टेटस ‘अप्रूव्ह्ड’ करून रिपोर्टमधून वगळले होते. नेव्हिसवर्क्सच्या रिपोर्टमध्ये वरच टॉलरन्स आणि प्रत्येक स्टेटसची संख्या छापून येते. आम्हाला मिळालेल्या पीडीएफमधून ती पट्टी कापलेली होती. तीच टेस्ट १० मिमी टॉलरन्सवर, सगळ्या वस्तू घेऊन आम्ही चालवली, तेव्हा यादी संपता संपेना.

जाब विचारल्यावर उत्तर आलं: ‘सर, करारात एलओडी ३०० लिहिलंय. जॉमेट्री बरोबर आहे.’ एलओडी म्हणजे मॉडेल किती तपशिलात हवं त्याची पातळी. हा युक्तिवाद तुमच्याही तोंडावर फेकला जाईल, म्हणून सांगतो. एलओडीचे निकष ठरवणाऱ्या बीआयएमफोरम या संस्थेच्या व्याख्येत एलओडी ३०० साठी आकार, माप, जागा, दिशा यांच्या जोडीला संख्याही आहे. ज्या मॉडेलमध्ये फिटिंग्जची संख्या शून्य येते ते ३०० कसलं? पण करारात नुसता ‘एलओडी ३००’ एवढाच शब्द होता, बेंड कुठल्या कॅटेगरीत हवा हे नव्हतं, आणि त्यावरच ते अडून बसले. दिलेली रक्कम परत आली नाही. त्यावर अजून पत्रापत्री चालू आहे. ट्रे पुन्हा पहिल्यापासून काढले; ठोकळे दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते कमी त्रासाचं पडलं.

आता काम बाहेर देताना पहिला हप्ताच एका छोट्या तुकड्याच्या मूळ फाइलवर बांधतो: एक खोली, दोन वळणं, एक टी, लेव्हलमध्ये एक चढउतार. ट्रेवर कर्सर नेऊन टॅब दाबला की जोडलेली पूर्ण रांग उजळायला हवी. एकच तुकडा उजळला तर जोड खोटा. ‘शो डिसकनेक्ट्स’मध्ये केबल ट्रे आणि कंड्युइट (वायरींची नळी) चालू करायचं, उघडी तोंडं तिथे चिन्हांनी दिसतात. मूळ फाइल द्यायला कुणी अगदीच कांकू करत असेल तर आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी मॉडेल फाइल) मागा. आयएफसी ४ मध्ये खरा बेंड ‘केबल कॅरियर फिटिंग’ म्हणून येतो, ठोकळा ‘बिल्डिंग एलिमेंट प्रॉक्सी’ म्हणून, आणि ते बघायला फुकटचा व्ह्यूअरही पुरतो. क्लॅशसाठी पीडीएफ घेतच नाही, टेस्टसकट एनडब्ल्यूएफ घेतो.

तो देखणा नमुना नंतर एका वेगळ्याच नावाच्या फर्मच्या जाहिरातीत पाहिला. तोच कॉरिडॉर, तीच वळणं, टायटल ब्लॉक तेवढा पुसट केलेला. मूळ मॉडेल कुणाचं, देव जाणे. त्या व्हिडिओत कॅमेरा सगळीकडे फिरतो, पण एकाही ट्रेवर क्लिक होत नाही. कुणी असा व्हिडिओ पाठवला तर स्क्रीन शेअर करायला सांगा आणि त्यांच्याकडून एक बेंड सिलेक्ट करून घ्या.