नावावर केस असलेल्या पोरांनी फॉर्म भरायच्या आधी इथं जावं – जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सांगली

कायद्याचा सल्ला आणि मदत देणारं हे सरकारी ऑफिस, विजयनगरला कोर्टातच आहे. मुद्दाम लिहितेय, कारण कॉलेजात असताना केस झालेली पोरं आपल्याकडं लय आहेत आणि नोकरीच्या वेळी त्यांना कोण नीट सांगत नाही.

माझा धाकटा भाऊ बीकॉम, अकाउंट्सच्या जॉबला सिलेक्ट झाला आणि फॉर्मवर अडकला. गणपती मिरवणुकीतली मारामारी, जुन्या आयपीसीचं ३२३, ५०४, ५०६ (मारहाण, अपमान, धमकी), लोकअदालतीत तडजोड होऊन मिटलेली, तरी फॉर्मवर प्रश्न होताच, कधी गुन्हा दाखल झाला होता का. एका प्लेसमेंटवाल्यानं पैसे घेतले आणि सांगितलं काय, तर नाही म्हणून टिक कर, कोण बघतंय. घरात सगळे हबकलेले.

इथल्या वकील मॅडमनी एफआयआर, चार्जशीट, लोकअदालतीचा निवाडा सगळं टेबलावर मांडायला लावलं आणि निवाड्यातल्या तडजोडीच्या ओळीवर बोट ठेवून भावालाच मोठ्यानं वाचायला लावलं. अशी तडजोड झाली की कायदा ती निर्दोष सुटकाच धरतो, हे आम्हाला तिथं कळलं. म्हणाल्या, खोटं लिहू नको, सरकारी नोकरीबद्दल सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे, माहिती लपवली तर तेवढ्यावरच नोकरी जाऊ शकते, खरं सांगितलं तरी घ्यायचं का नाही ते त्यांच्या हातात, पण किरकोळ केस आणि कोवळं वय हे बघून सोडून देता येतं. मग 'हो' लिहायचं, कोर्टाच्या नक्कल विभागातनं निवाड्याची सर्टिफाइड कॉपी काढायची आणि सोबत छोटं पत्र जोडायचं. भावानं पत्रात तीनदा माफी मागितलेली, ती त्यांनी खोडली, "काय झालं आणि कसं मिटलं एवढंच लिही रे."

त्या कंपनीनं पुढं काही कळवलंच नाही, वाईट वाटलं. पण तेच कागद घेऊन कुपवाड एमआयडीसीत गेला, तिथल्या साहेबांनी निवाडा पूर्ण वाचला आणि पुढचा प्रश्न केला जीएसटी रिटर्न भरता येतं का. आता तिथंच आहे.

केस अजून चालू असेल आणि रद्द करून घ्यायची असेल तर हायकोर्टातच जावं लागतं, पण ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचंच सर्किट बेंच आहे, सांगली साताऱ्याच्या लोकांना मुंबई गाठायची गरज नाही. अठराच्या आतलं प्रकरण असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम २४ नक्की विचारा, त्यानं लहानपणच्या केसमुळं पुढं सहसा अपात्र धरत नाहीत. बाया, एससी एसटी आणि कमी उत्पन्नवाल्यांना वकीलही फुकट मिळतो, हेल्पलाइन १५१००. जाताना कागद सगळे न्या, निकाल लागलेली केस असेल तर तिचा नंबर तरी पाहिजेच.