निहाऊची म्हणून घेतलेली माळ

वायकिकीहून 'अस्सल हवाईयन' काहीतरी आणायचं मनात असेल तर आधी हे वाचा. आमचे ३४० डॉलर गेलेत.

आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे सॅन होजेला आले होते, म्हणून जानेवारीत आठवडाभर हवाई केलं. दुसऱ्या संध्याकाळी कुहिओ बीचवर गवतावर बसून हुला नाच बघितला. फुकट होता, आणि अख्ख्या सहलीत मनात राहिलं ते तेवढंच. परतताना रस्त्यालगत स्टॉल लागला.

तिथल्या बाईने आईच्या गळ्यात गुलाबी माळ घातलीच. ज्वारीच्या दाण्याएवढे शंख, एकाला एक चिकटून ओवलेले. "निहाऊचे काहेलेलानी शंख. तिथल्या एका आंटीने वेचलेत." पुढचं जे सांगितलं ते सगळं खरं होतं, हीच तर गंमत. निहाऊ खासगी बेट आहे, १८६४ साली सिंक्लेअर कुटुंबाने हवाईच्या राजाकडून दहा हजार डॉलरला विकत घेतलेलं. बाहेरच्याला तिथे सहजी पाऊल ठेवता येत नाही. हिवाळ्यात लाटांबरोबर शंख किनाऱ्यावर येतात, माणसं तासन्‌तास वेचतात, भोकं पाडताना कित्येक फुटतात. तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला करते तसा आईने या माळेला नमस्कार केला. त्यानंतर घासाघीस करायला माझी जीभ रेटेना. कार्ड पुढे केलं.

तिसऱ्या दिवशी आईच्या पांढऱ्या ब्लाउजच्या गळ्याला गुलाबी पट्टा! घामाने रंग सुटला होता. मंडईत हिरव्यागार मटाराला ओला हात चोळून बघणारी ही बाई, पण इथे तिलाही सुचलं नाही.

पुढे कवाई बेटावर लिहुए गावच्या म्युझियममध्ये काचेआड खऱ्या माळा पाहिल्या. आमची शेजारी धरली. त्यांची चकाकी आतून आल्यासारखी. आमच्या शंखांवर नुसता थर, भोकांच्या कडेला साचलेला.

शंख निहाऊचे नसतील तर माळेला निहाऊचं लेबल लावता येत नाही, असा हवाईत २००४ पासून कायदा आहे. बाईला तो पाठ असावा. पावतीवर काय, तर 'आयलंड स्टाईल शेल नेकलेस'. 'निहाऊ' होतं ते तोंडी. कार्डवाल्यांकडे तक्रार केली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, पावतीवर लिहिलेली वस्तू मिळाली ना? मिळाली होती.

तेव्हा बिलावर 'निहाऊ' हा शब्द, शंखाचं नाव आणि माळ ओवणारीचं नाव लिहून मागा. चाचपडायला लागले की माळ गळ्यातून काढून ठेवा, आई कितीही भारावलेली असली तरी. आणि पाकिटात ओला रुमाल असू द्या.

माळ आईने साताऱ्याला नेली, टाकवेना म्हणून. डबीत कापसावर ठेवली होती. परवा व्हिडिओ कॉलवर तिने डबी उघडून दाखवली. कापूस गुलाबी झालाय.