स्वीट होम थ्रीडी वापरताय? आधी भिंती बघा

स्वीट होम थ्रीडी हे घराचा नकाशा काढून तो सामानासकट थ्रीडीत बघायचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००६ पासून आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. ते अडतं कुठे आणि अडलं की नेमकं काय तपासायचं याबद्दल मात्र धड कोणी लिहीत नाही, चकचकीत फोटो टाकून मोकळे होतात सगळे, म्हणून हा रिव्ह्यू. माझं मत आधीच सांगते, घराची आखणी करायला आणि सामान बसतंय का ते बघायला इतकं सोपं दुसरं काही मला तरी मिळालं नाही, पाचपैकी चार देईन. एक मार्क कापला कारण काही बिनसलं तर हे तोंडातून शब्द काढत नाही. एरर नाही, लाल रेघ नाही. खोली भरत नाही म्हणजे नाही, कारण तुम्ही शोधा.

आणि कारण बहुतेक वेळा भिंतीतच असतं.

भिंत काढताना एंटर दाबलं की लांबी आणि कोन टाइप करता येतात, ही सोय एकदम भारी. पण ती लांबी भिंतीच्या मधल्या रेषेची असते हे पटकन लक्षात येत नाही. आपण टेप लावतो आतून, या भिंतीच्या प्लास्टरपासून त्या भिंतीच्या प्लास्टरपर्यंत. समजा आतून खोली ३०० सेंमी आहे आणि भिंती १५ सेंमी जाड, तर टाकायचे ३१५, कारण दोन्ही टोकांना अर्धी अर्धी भिंत धरावी लागते. सरळ ३०० टाकले तर आत राहतात फक्त २८५, मग कपाट बसत नाही असं वाटतं आणि माणूस उगाच कपाट बदलत बसतो. आणि अशा चार खोल्या ओळीने काढल्या की फरक साठत जातो आणि शेवटचा कोपरा काही केल्या जुळत नाही. डीफॉल्ट जाडी ७.५ सेंमी असते, ती पहिली भिंत काढायच्या आधीच प्रेफरन्सेसमध्ये जाऊन बदलून टाका. नंतर बदलली तर मधली रेषा जागेवरच राहते आणि भिंत दोन्ही बाजूंनी फुगते, म्हणजे आतली मापं परत बिघडली.

दुसरी नेहमीची तक्रार, बंद भिंतींच्या आत रूम टूलने, म्हणजे खोलीची जमीन भरायच्या टूलने, डबल क्लिक केलं तरी खोली होत नाही, किंवा होते ती दोन खोल्यांची मिळून एकच होते. याचा अर्थ कुठेतरी फट आहे. नेहमीच्या झूमवर ती दिसणार नाही, एकेक कोपरा भरपूर झूम करून बघा. भिंती नीट जोडलेल्या असतील तर बाहेरचा कोपरा भरलेला, टोकदार दिसतो, आणि नुसत्या एकमेकींना टेकलेल्या असतील तर तिथे बाहेरून एक छोटा चौकोनी खड्डा पडलेला दिसतो. दोन्ही भिंती सिलेक्ट करा आणि प्लॅन मेनूतून जॉइन वॉल्स करा, काम झालं. हे करताना अजून एक लक्षात ठेवा, खोली आणि भिंत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, भिंत सरकवली म्हणून खोली तिच्या मागे जात नाही. लादी भिंतीबाहेर डोकावायला लागली, किंवा चौरस मीटरचा आकडा जुनाच राहिला, तर खोली डिलीट करून परत डबल क्लिक करायचं. वैताग आहे खरा, पण कोपरे ओढत बसण्यापेक्षा पटकन होतं.

तिरप्या भिंतींचं काय? भिंत १५ अंशांच्या टप्प्यांनीच वळते असं वाटत असेल तर तो मॅग्नेटिझमचा, म्हणजे रेघ आपोआप ठरावीक कोनांना चिकटवणाऱ्या सोयीचा परिणाम. विंडोजवर ऑल्ट दाबून धरलं की तेवढ्यापुरता सुटतो. आणि भिंती अचानक सिलेक्टच होईनाशा झाल्या, फक्त फर्निचर हलतंय, तर घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही, लॉक बेस प्लॅन, म्हणजे भिंती आणि खोल्या जागेवर कुलूपबंद करणारं बटण, चालू झालेलं आहे, कुलपाचं बटण बघा. तसं हे लॉक फार कामाचं आहे बरं का, सोफा ओढताना भिंतच हातात येणं बंद होतं.

जुना नकाशा बॅकग्राउंडला लावून त्यावरून भिंती काढणार असाल तर स्केलसाठी जी रंगीत रेघ ओढायला सांगतात ती नकाशातल्या सगळ्यात लांब माहीत असलेल्या मापावर ओढा. दरवाजाच्या रुंदीवर ओढली आणि एखाद सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तर अख्ख्या घराला त्या प्रमाणात फटका बसतो.

वरचा मजला घेतला की लोकांना वाटतं स्लॅब आपोआप येईल. येत नाही. वरच्या लेव्हलवर, म्हणजे मजल्यावर, जिथे रूम काढाल तिथेच जमीन दिसते, बाकी सगळं उघडं. जिन्याचंही तसंच, कॅटलॉगमधला जिना वरच्या मजल्याच्या जमिनीत स्वतःच भोक पाडतो, पण त्याची उंची वरच्या स्लॅबपर्यंत पोचली तरच. भिंत २५० सेंमी आणि स्लॅब १२ सेंमी धरला तर वरचा मजला २६२ वर येतो, आणि तुमचा जिना २४० चा असेल तर भोक पडणार नाही, माणूस छताला डोकं लावून उभा राहील. जिन्याची उंची वाढवा, लगेच पडतं.

नेटवरून उतरवलेली फर्निचरची थ्रीडी मॉडेल्स हा वेगळाच ताप. ओबीजे फाइल, म्हणजे मॉडेलचा नुसता आकार, एकटी टाकली की पांढरीफटक येते, कारण रंग सोबतच्या एमटीएल फाइलमध्ये असतात आणि टेक्स्चर, म्हणजे लाकूड-कापडाचा पोत, वेगळ्या चित्रांमध्ये, तेव्हा सगळं एका झिपमध्ये घालून ती झिप इम्पोर्ट करा. आकारही तपासा, मीटरमध्ये बनवलेली खुर्ची इथे सेंटीमीटरमध्ये वाचली जाते आणि मुंगीएवढी दिसते, मग वाटतं मॉडेल आलंच नाही. मॉडेलचे काही भाग गायब दिसत असतील तर पृष्ठभाग उलटे आहेत, इम्पोर्ट करताना बॅक फेस, म्हणजे पृष्ठभागाची मागची बाजू, दाखवायची टिक असते ती करा. आणि बाहेरून आणलेली खिडकी भिंतीत बसली पण भोक पडलं नाही, तर तिथलीच डोअर किंवा विंडोची टिक राहून गेलेली असते.

गालिचा लुकलुकतोय? तो आणि लादी एकाच उंचीवर आहेत, गालिच्याला अर्धा सेंमी वर उचला. सॉफ्टवेअरने काढलेला थ्रीडी फोटो काळाकुट्ट येतोय? छत बंद आणि दिवा एकही नाही, फोटोच्या खिडकीत सीलिंग लाइट्सवर टिक करा. पुढचं बोलू.

छप्पर. इथे हे सॉफ्टवेअर सरळ हात वर करतं, छपराचं टूलच नाही. भिंतीला सुरुवातीची आणि शेवटची उंची वेगवेगळी देता येते, त्यामुळे त्रिकोणी भिंत हवी असेल तर भिंत मधून स्प्लिट करून एक अर्धी चढती आणि एक उतरती करता येते, ते छान दिसतं. वरचे पत्रे किंवा कौलं म्हणून मात्र चपट्या पेट्या तिरक्या करून ठेवायच्या नाहीतर लायब्ररीतलं तयार छप्पर ताणून बसवायचं. साध्या दोन उतारांच्या घराला चालतं. एल आकाराच्या घरावर दोन छपरं एकमेकांत घुसतात तिथला सांधा नीट करायला बसलात तर संध्याकाळ जाईल, मी तर म्हणेन घराच्या आतलं काम इथे करा आणि छपरासाठी दुसरं काहीतरी बघा.

ड्राफ्टिंगच्या बाबतीतही अपेक्षा बेताचीच ठेवा. डायमेन्शन लाइन, म्हणजे माप दाखवणारी रेघ, भिंतीला बांधलेली नसते. भिंत २० सेंमी सरकवा, रेघ जिथे होती तिथेच आणि आकडाही जुनाच, आणि प्लॅनवर तो अगदी खरा वाटतो. मिस्त्रीच्या हातात असा कागद गेला तर काय होईल सांगायला नको. म्हणून मापांच्या रेघा सगळ्यात शेवटी टाका, मध्येच भिंत हलली तर तिथल्या पुसून नव्याने काढा. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल थेट उघडत नाही, प्लॅन एसव्हीजीमध्ये, म्हणजे रेघांच्या चित्राच्या फाइलमध्ये, बाहेर काढता येतो, आर्किटेक्टला कल्पना द्यायला तेवढं पुरतं.

प्रिंटचं तेवढं सांगते. पेज सेटअपमध्ये प्लॅन कागदावर मावेल तसा छापायचा पर्याय असतो, तो ठेवला तर पट्टी लावून काहीच मोजता येत नाही. तिथे १:५० निवडा, प्रिंटरच्या स्वतःच्या खिडकीतलं फिट टु पेजही बंद करा, आणि छापून झालं की एक भिंत मोजा, ३ मीटरची भिंत कागदावर बरोबर ६ सेंमी यायला हवी. ५.८ आली तर प्रिंटरने कुठेतरी कागद आवळलाय, तो कागद कोणाला देऊ नका.