राजगड-तोरणा-रायगड चार दिवसांचा रेंज ट्रेक: मोहरी गावातल्या जेवणाला पैकीच्या पैकी, ग्रुपला मात्र काठावर पास

जानेवारीत एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर हा ट्रेक केला, नाव लिहीत नाही कारण बाकीचे ग्रुपपण थोड्याफार फरकाने असेच चालवतात असं नंतर मित्रांकडून कळलं. माणशी साडेपाच हजार, पुण्याहून पुण्यापर्यंत, जेवण-राहणं धरून. आम्ही चौदा जण, दोन लीडर, आणि दुसऱ्या दिवसापासून गावातला एक वाटाड्या, ज्यांना सगळे मामाच म्हणत होते.

पहिल्या रात्री राजगडाच्या पायथ्याला गुंजवणे गावात झोपलो. राजगडावर मुक्कामाला बंदी आलीये ना, त्यामुळे पद्मावतीच्या देवळात पडी टाकायचे दिवस गेले. पहाटे पाचला निघणार म्हणाले आणि पोहे-चहा होईपर्यंत साडेसात झाले, इथेच सगळं गणित चुकलं. चोर दरवाज्याने वर, संजीवनी माची पूर्ण तुडवून अळू दरवाज्यातून बाहेर, आणि मग ती तोरण्याकडे जाणारी लांबच लांब सोंड. कारवी, वाळकं गवत, मधे एक डांबरी रस्ता आडवा येतो तिथे सरबत प्यायचं आणि परत चढायला लागायचं. शेवटी कातळाला लावलेली लोखंडी शिडी चढून तोरण्याच्या बुधला माचीखाली आलो तेव्हा सूर्य पार टेकला होता. लीडर म्हणे आता मुख्य गड राहू दे, सरळ भट्टी गावात उतरू. अरे, ट्रेकच्या नावात तोरणा आहे! मेंगाईचं देऊळ नाही, झुंजार माची नाही, नुसतं गडाच्या शेपटाला हात लावून अंधारात हेडटॉर्च लावून खाली. १४०३ मीटरचा जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला आणि आम्ही तो दोन फोटोंत उरकला.

पण दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं त्यासाठी मी परत जाईन. किल्ले संपले की हा ट्रेक खरा सुरू होतो असं माझं मत झालंय. हारपुडवरून मोहरीपर्यंत दिवसभर चाल, वाटेत एखाददुसरं धनगराचं घर, बाकी नुसत्या ढोरवाटा. एका टेपाडावर तीन वाटा फुटल्या आणि लीडरने मोबाइल काढून मॅप बघायला घेतला तर मामा म्हणाले, "त्यात म्हशी दिसत्यात का?" आणि शेणाचा माग धरून चालायला लागले. पाऊण तासात पाण्यावर नेऊन उभं केलं. पायात साधी प्लास्टिकची चप्पल, आम्ही सगळे सात-सात हजारांचे बूट घालून मागे धापा टाकतोय.

मोहरीत एका घरात मुक्काम. शेणाने सारवलेली जमीन, एका अंगाला गुरं बांधलेली, चुलीचा धूर डोळ्यात. मावशींनी नाचणीची भाकरी, पिठलं, वालाची आमटी आणि लसणीचा ठेचा असं वाढलं, आणि मी मोजून पाच भाकऱ्या खाल्ल्या, घरी दोन जात नाहीत. बरोबरची एक मुलगी गरम पाणी मिळेल का म्हणाली तर मावशी लगेच उठल्या. नंतर बोलता बोलता कळलं की उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी किती लांब जावं लागतं, मग आमच्यातल्या कुणी अंघोळीचं नावच काढलं नाही. गावात म्हातारीच माणसं जास्त, पोरं पुण्या-मुंबईत. मावशींचा मुलगा पुण्यात हॉटेलात कामाला, माझ्या ऑफिसपासून दोन स्टॉपवर निघाला. त्याला डबा द्यायचाय का असं मी विचारल्यावर मावशींनी खरंच त्याच्यासाठी भाकऱ्या बांधून दिल्या, त्या रायगड बघून पोचवल्या.

इथेच मला ग्रुपचं सगळ्यात जास्त खटकलं. मावशींना दोन वेळच्या जेवणाचे आणि झोपायचे मिळून माणशी किती देता म्हणून लीडरला विचारलं तर त्याने विषय बदलला. निघताना मावशींनीच सांगितलं, आकडा ऐकून साडेपाच हजारांतले बाकीचे कुठे गेले हेच कळेना. आम्ही वर्गणी काढून वेगळे दिले.

तिसऱ्या दिवशी पहाटे रायलिंगच्या पठारावर. समोर हाताच्या अंतरावर लिंगाण्याचा सुळका, त्याच्या मागे रायगड, मधे खोल दरी, आणि पहिलं ऊन आधी लिंगाण्याच्या टोकावर येतं. कुणी काही बोललं नाही, चौदा जणांत हे पहिल्यांदाच झालं. तिथून बोराट्याची नाळ (नाळ म्हणजे कोकणात उतरणारी डोंगरातली खडी घळ) पण उतरते पण आम्हाला सिंगापूर नाळेने नेलं, आणि बरं केलं, कारण तिथेही घसारा कमी नव्हता, गुडघ्यांनी शिव्या दिल्या. खाली दापोली. समुद्रवालं दापोली नाही हो, महाडकडचं छोटं गाव. घरी फोन करून दापोलीत आहे म्हटलं तर आई म्हणे मासे खाल्लेस का.

चौथ्या दिवशी काळ नदी ओलांडून रायगडवाडी, नाणे दरवाज्याने वर. रायगडाबद्दल मी काय लिहिणार, गर्दी होती, जगदीश्वराच्या देवळात आणि समाधीपाशी शांत बसलो, रोपवेने खाली आलो. आता हा आणि राजगड दोन्ही युनेस्कोच्या यादीत आलेत, तोरणा नाही, आमच्या लीडरने बहुतेक तेच मनावर घेतलं असावं.

जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नंतर वाटेतलं पाणी आटतं. माणशी तीन लिटर पाणी आणि नाळेसाठी पकड असलेले बूट. आणि चार-पाच जण असाल, पाठीशी थोडा अनुभव असेल तर ग्रुपच्या नादी लागू नका, गावातला वाटाड्या आधी फोनवर ठरवा, ज्या घरी राहाल त्यांना पैसे थेट हातात द्या. तोरण्यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा. मी पुढच्या महिन्यात तेवढाच राहिलेला करायला वेल्ह्याला जातोय, या वेळी पाच म्हणजे पाचला निघणार.