‘कार्ड विकलं ना भाऊ’ असं म्हणणाऱ्याकडून कॅमेरा घेऊ नका

राजेहो, लग्नसराई तोंडावर आहे आणि आपल्याकडची अर्धी पोरं सध्या सेकंडहँड बॉडी (लेन्स सोडून नुसता कॅमेरा) शोधत फिरतात, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय. माझे १,४८,००० रुपये गेले. त्यावर २७,५०० चं मेमरी कार्ड. त्यातले ४०,००० बायकोच्या बचत गटाचे होते, आणि त्या गटातल्या बायका रोज आमच्या अंगणावरूनच पाण्याला जातात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, लग्नाचं शूटिंग करतो. खेड्यातला म्हणून फसला, असं कोणी म्हणू नका. कॅमेरा मला कळतो. कॅनन आर५ च का घ्यायचा, याचा हिशेब मी कागदावर मांडला होता. अल्बमच्या १२ बाय ३६ इंची पानावर नवरा-नवरीचा एकच फोटो आडवा पसरवला, तर माझ्या जुन्या २४ मेगापिक्सेलच्या बॉडीचे ६,००० पिक्सेल ३६ इंचांत ताणले जातात. इंचाला १६७ सुद्धा होत नाहीत आणि लॅबवाला ३०० मागतो. आर५ चा फोटो ८,१९२ पिक्सेल रुंद, म्हणजे २२७ तरी मिळतात. शिवाय ८के, म्हणजे खूपच बारीक तपशिलाचा व्हिडिओ. खेड्यात ८के कोणाला पाहायचंय, असं आमच्यातलेच लोक विचारतात. पाहायचं कोणालाच नाही. पण अक्षता पडतात तो क्षण एकदाच येतो. ८के मधून त्याची ३५ मेगापिक्सेलची फ्रेम काढता येते, आणि त्याच क्लिपमधून रीलसाठी उभा तुकडा कापला तरी तो फाटत नाही. नवीन घ्यायची ऐपत नव्हती.

जाहिरात मोबाइलवर दिसली. १,६५,००० मागत होता. ‘पुण्याला नोकरी लागली, धंदा बंद करतोय’, बिलाची प्रत, डबा, चार्जर, सगळं होतं. अशा जाहिराती तुम्ही शंभर पाहिल्या असतील. मीही पाहिल्या होत्या. फौजी म्हणवून आगाऊ पैसे मागणारे मला ओळखता येतात, म्हणून तर मी म्हटलं, समोर भेटू, हाताळू, मगच पैसे. ५,००० टोकन दिलं आणि नागपूरला गेलो.

सीताबर्डीवर चहाच्या टपरीशेजारी भेटला. पंचविशीतला, नीटनेटका, दादा-दादा करणारा. मी काय काय तपासलं ते ऐका, मग मला नावं ठेवा. एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून, आभाळाचे फोटो काढून सेन्सरवर डाग पाहिले. माउंट (लेन्स बसते ती जागा), हॉटशू (फ्लॅश बसतो ती), स्क्रीन, व्ह्यूफाइंडर पाहिलं. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांवर डोळ्याचा फोकस लावून पाहिला, तो चिकटून बसत होता. हातात धरून कमी शटरवर फोटो काढले, स्टॅबिलायझर ठीक होता. ४के रेकॉर्डिंग बराच वेळ चालू ठेवलं. बिलावरचा नंबर आणि बॉडीवरच्या स्टिकरचा नंबर अंक-अंक जुळवला. अजून काय करायचं माणसानं?

मग म्हटलं, ८के रॉ, म्हणजे ८के चा कच्चा व्हिडिओ, दाखव.

‘कार्ड विकलं ना भाऊ परवा,’ तो म्हणाला. ‘गिऱ्हाईक फक्त कार्डालेच आलं होतं. एसडीवर ४के पाहून घ्या ना. ८के तं तुम्हाले माहीत आहे, गरम होते. उगाच कायले तापवता?’

इथे त्याची हुशारी पाहा. आर५ मध्ये दोन कार्डं लागतात, एक साधं एसडी आणि एक जास्त वेगवान सीएफएक्सप्रेस. ८के रॉ एसडीवर होतच नाही. आणि गरम होतो हेही खरं. २०२० मध्ये कॅमेरा आणला तेव्हा कॅननने स्वतःच सांगितलं होतं की २३ अंशांत ८के साधारण २० मिनिटं चालेल. आपल्याकडे मे महिन्यात मांडवात ४५ असतं. मला हे पाठ होतं, म्हणूनच त्याचं बोलणं पटलं. ज्याला काहीच माहीत नसतं तो उलट हट्ट धरून बसला असता.

पण त्यानंतर त्याने मोबाइल काढून मला याच कॅमेऱ्यातली ८के रॉ ची क्लिप दाखवली. फुटाळा तलावाची. ‘कालच काढली,’ म्हणाला.

कार्ड परवा विकलं. क्लिप काल काढली. मी समोर उभा होतो, चहाचा ग्लास हातात होता, दोन्ही वाक्यं याच कानांनी ऐकली. आजही रात्री झोप मोडली की हेच दोन शब्द डोक्यात फिरतात. काल, परवा. त्याच वेळी त्याचा फोन वाजला, ‘हो दादा, अमरावतीवाले ना, या ना, एक जण पाहून राहिले’, आणि माझं लक्ष तिकडे गेलं. तो फोनही ठरलेला होता, हे आता कळतं. आणखी एक. एसडी कार्ड घालायला त्याने झाकण स्वतःच उघडलं आणि अंगठा शेजारच्या खाचेवर ठेवला. प्रत्येक वेळी. मला वाटलं, वस्तू जपून वापरणारा पोरगा आहे.

१,४८,००० ला तुटलं. ९३,००० यूपीआयने, ५०,००० रोख. यूपीआयवर नाव एका बाईचं आलं. ‘बहिणीचं खातं आहे, माझं केवायसीत अडकलं.’ बोलणारा एक आणि खातं दुसऱ्याचं असेल, तर तिथूनच परत फिरा. आणि रोख देऊच नका, दिली तर त्याच्या हाताने पावती लिहून घ्या. ते ५०,००० आता कोणत्याच कागदावर नाहीत.

घरी येऊन कार्ड मागवलं, घातलं, कार्ड एरर. कार्डच खराब म्हणून दुकानात भांडलो. दुकानदाराने दुसऱ्या कॅमेऱ्यात घालून दाखवलं, व्यवस्थित चाललं. मग नागपूरच्याच एका जाणत्या मेकॅनिककडे बॉडी उघडली. कार्डाच्या खाचेपाशी बोर्डावर हिरवा गंज चढलेला, दोन पिना आडव्या झालेल्या. पाण्यात पडलेली बॉडी. त्याने माझ्याच एका फोटोची फाइल संगणकावर उघडली आणि बोट ठेवलं. फोटोच्या माहितीत कॅमेरा स्वतःचा नंबर लिहितो, तो आणि स्टिकरवरचा नंबर वेगळे होते. ‘दोन मेलेल्या कॅमेऱ्यांचा एक केला भाऊ,’ म्हणाला. दुरुस्तीचे ७१,४०० सांगितले. बिल आणि स्टिकर जुळवून उपयोग नाही, स्टिकर कोणीही चिकटवतो. फोटो काढा, फाइलमधला नंबर पाहा, तो बिलाशी जुळवा.

बाबा एवढंच म्हणाले, ‘बैल औताले न जुपता घेतला तू.’

आता पोलिसांचं. तालुक्याच्या ठाण्यात गेलो. व्यवहार नागपूरचा, नागपूरला जा. नागपूरच्या ठाण्यात गेलो. यूपीआय आहे ना, मग सायबरला जा. तिथे उत्तर मिळालं की पिन तुम्हीच टाकला, वस्तू तुम्हीच पाहून घेतली, ही दिवाणी बाब आहे. एक साहेब माझा कॅमेरा हातात घेऊन म्हणाले, ‘फोटो तर निघतोय की!’ आणि खरोखर माझा एक फोटो काढला. ४५ मेगापिक्सेलमध्ये माझं तोंड कसं दिसलं असेल ते सांगायला नको. दुसऱ्यांनी भीती घातली की दोन नंबर आहेत म्हणजे एक चोरीचा असेल, तुम्हीच अडकाल. अर्ज ठेवून जा, म्हणाले. पोच मागितली तर शिक्का सापडेना. बँकेत गेलो तर तिथेही पिनचंच गाणं. चोरीच्या मोबाइलचा आयएमईआय सरकारी यादीत पाहता तरी येतो, कॅमेऱ्यासाठी अशी सोय नाही. म्हणजे विकणाऱ्याला मोकळं रान आणि घेणाऱ्याला चौकशी!

वकिलाने सांगितलं तेव्हा कळलं की मला सगळीकडून उगाच हाकललं. ४२० गेलं, १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात देता येते. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तरच चालत नाही. नोंद नाकारली तर १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवायचं, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलंय, पावती जपून ठेवली आहे. ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच कळलं तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करा, खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत. मला कळेपर्यंत त्या बहिणीच्या खात्यात काही उरलं असेल असं वाटत नाही. विकणारा दुकानदार असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं, आणि पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू असेल तर ‘धंद्यासाठी घेतली’ म्हणून हाकलता येत नाही. माझा माणूस दुकानदार नाही, निदान कागदावर नाही.

ज्या कामासाठी जास्तीचे पैसे मोजताय, तेच काम समोर करून घ्या. ८के साठी घेताय तर स्वतःचं कार्ड घेऊन जा, उसनं आणा, भाड्याने आणा. झाकण तुम्ही उघडा.

परवा त्याच टपरीच्या पत्र्यासमोर काढलेला फोटो पुन्हा दिसला. नाव वेगळं, नंबर वेगळा, या वेळी निकॉन झेड८, किंमत १,९०,०००. खाली लिहिलंय, ‘शटर काउंट फक्त ४,०००, शटर नुकतंच नवीन टाकलं’. झेड८ मध्ये मेकॅनिकल, म्हणजे पडद्यासारखं उघडझाप करणारं शटर नसतंच. तिथेही ८के रॉ एसडीवर होत नाही, आणि कार्ड विचारलंत की तो तेही परवाच विकलं म्हणेल. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी अर्जाला जोडून पाठवला आहे. कोणी पाहायला जाणार असेल तर एकटं जाऊ नका, आणि मला आधी कळवा. मीही येतो.