यादी आणि नल: प्रश्नचिन्हं मोजायची की अ‍ॅरे पाठवायचा?

एसक्यूएल क्वेरीत पॅरामीटर बांधायचे (मजकुरात '?' ठेवून मूल्य वेगळं पाठवायचं), स्ट्रिंग जोडायच्या नाहीत, इथवर कुणाचं दुमत नसतं. घोडं अडतं ते यादी आली की. 'इन (?)' ही अट यादीतल्या कुठल्याही मूल्याशी जुळणाऱ्या ओळी मागते, पण तिच्यातल्या एका प्रश्नचिन्हात एकच मूल्य बसतं. मग दोन वाटा उरतात: जितके घटक तितकी प्रश्नचिन्हं कोडमधून तयार करायची, नाहीतर '= एनी(?)' लिहून मूल्यांचा अख्खा अ‍ॅरे एकाच पॅरामीटरमधून पाठवायचा. मी दोन्ही वापरल्या आहेत. सध्या माझं बहुतेक काम पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं, त्यामुळे कल कुठे आहे ते ओळखलंच असेल.

तरी पहिली वाट कमी लेखू नका. ती जवळजवळ कुठेही चालते. मायएसक्यूएलमध्ये अ‍ॅरे हा कॉलमचा प्रकारच नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्येही नाही. तिथे टेबल-व्हॅल्यूड पॅरामीटर (एका पॅरामीटरमधून अख्खं टेबल) आहे, पण त्यासाठी आधी डेटाबेसमध्ये टाइप बनवून ठेवावा लागतो. शिवाय घटक किती आहेत हे क्वेरीवरूनच कळतं. अ‍ॅरे पाठवला आणि पोस्टग्रेसने जेनेरिक प्लॅन (मूल्यं न पाहता आखलेली, क्वेरी चालवण्याची योजना) वापरला, तर ती आखणारा प्लॅनर घटकांच्या संख्येचा नुसता अंदाज बांधतो. मला त्याचा त्रास क्वचितच झाला, पण होऊ शकतो.

मर्यादांचा बाऊ मी करणार नाही. एसक्यूएल सर्व्हर 2100 पॅरामीटरवर थांबतो, पोस्टग्रेस 65535 वर. तुमची यादी तिथवर जात असेल तर ती टेम्पररी टेबलात टाकून जॉइन केलेलाच बरा. प्रत्येक लांबीची क्वेरी वेगळी धरली जाते आणि स्टेटमेंट कॅश (तयार क्वेरी साठवायची जागा) उगाच भरतो, हे मात्र खरं. हायबरनेट या जावाच्या डेटाबेस लायब्ररीत यादी दोनाच्या घातापर्यंत (2, 4, 8, 16...) भरून घेण्याची सेटिंग आहे ती त्यासाठीच.

माझा निर्णय झाला तो रिकाम्या यादीमुळे. स्क्रीनवर कुणी एकही चेकबॉक्स निवडला नाही की कोड 'इन ()' असं लिहून मोकळा होतो, आणि पोस्टग्रेस सिंटॅक्स एरर देतो. (एसक्यूएलाइट हे मुकाट चालवून घेतो, म्हणून टेस्ट एसक्यूएलाइटवर असतील तर पत्ताही लागत नाही.) मग कुणीतरी ठिगळ लावतं: यादी रिकामी असेल तर आत नल (मूल्यच नाही अशी खूण) टाका. नलशी केलेली तुलना ना खरी ठरते ना खोटी, म्हणून 'इन (नल)' ला एकही ओळ सापडत नाही, म्हणजे उत्तर बरोबर. पुढे तेच हेल्पर फंक्शन 'नॉट इन' साठी वापरलं जातं. 'हे आयडी वगळा' म्हणताना वगळायला काहीच नसेल तर सगळ्या ओळी यायला हव्यात. 'नॉट इन (नल)' ने शून्य येतात. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, रिपोर्ट फक्त कोरा. हे ठिगळ मी एकाहून अधिक कोडबेसमध्ये पाहिलं आहे. '= एनी' ला रिकामा अ‍ॅरे दिला की उत्तर फॉल्स, 'नॉट इन' च्या जागी येणाऱ्या '<> ऑल' ला दिला की ट्रू. वेगळा इफ लिहावा लागत नाही. माझ्यापुरता वाद तिथेच मिटला.

अर्थात अ‍ॅरेलाही नल बाधतो. अ‍ॅरेच्या आत एक जरी नल शिरला तरी '<> ऑल' ची गत 'नॉट इन' सारखीच होते. 'अ‍ॅरे_रिमूव्ह' ने तो आधी काढून टाका. आणि रिकाम्या अ‍ॅरेऐवजी अख्खा पॅरामीटरच नल गेला, तर दोन्ही बाजूंनी हाती काहीच लागत नाही.

एकेकट्या मूल्याच्या नलबाबत मात्र माझं मत उलट आहे. '= ?' मध्ये नल गेला की काही जुळत नाही आणि 'इज ?' पोस्टग्रेसला चालत नाही, म्हणून बरेच जण 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम ?' (नललाही नलशी जुळवणारी तुलना) सुचवतात. अर्थाने ते चोख आहे, पण पोस्टग्रेस त्यासाठी साधा इंडेक्स (ओळी झटकन शोधायची सूची) वापरत नाही. मोठ्या टेबलावर एक्सप्लेन (क्वेरीचा प्लॅन दाखवणारी आज्ञा) चालवला की दिसतंच. ऐच्छिक फिल्टरसाठी '(? इज नल ऑर विभाग = ?)' लिहिलं तर आधी पहिल्या पॅरामीटरचा डेटा टाइप ठरवता येत नाही अशी तक्रार येते. ती कास्टने, म्हणजे टाइप स्पष्ट लिहून, मिटते. पण पुढे जेनेरिक प्लॅन लागू झाला तर इंडेक्स पुन्हा हातचा जातो. इथे मी सरळ कोडमध्ये अट जोडतो: मूल्य असेल तर '= ?', नल शोधायचा असेल तर 'इज नल', फिल्टरच नसेल तर काहीच नाही. मजकूर बदलतो, पण अशा क्वेरी मोजक्याच होतात. यादीच्या लांबीसारख्या वाढत नाहीत.

पायथनवाल्यांसाठी निवड बरीचशी झालेलीच आहे: पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या सायकोपीजी लायब्ररीच्या आवृत्ती 2 मध्ये टपल (पायथनमधली यादी) थेट 'इन' ला देता यायचा, 3 मध्ये तो चालत नाही आणि 'एनी' कडेच वळावं लागतं. मायएसक्यूएलवर असाल तर जेसन पाठवून 8.0 मधल्या 'जेसन_टेबल' ने ओळी करता येतात, पण दहा-वीस आयडींसाठी मी तो खटाटोप करणार नाही. तिथे प्रश्नचिन्हंच ठेवा, फक्त रिकाम्या यादीचा निकाल क्वेरी बनण्याआधी लावा: 'इन' असेल तर डेटाबेसकडे न जाता रिकामं उत्तर परत करा, 'नॉट इन' असेल तर ती अटच गाळा.